सांगली-साताऱ्यातून एमबीएला जाताना: कॅट, सीईटी, कॅप आणि प्रवर्गाचा कागद

एमबीएच्या प्रवेशात आपल्याकडची मुलं मार्कांपेक्षा कागदांवर जास्त अडकतात, असं माझं ठाम मत आहे. विट्याची, वडूजची, जतची मुलं अभ्यास चांगला करतात. पण फॉर्म भरायची वेळ आली की हातातला दाखला राज्याच्या नमुन्यातला निघतो, मागितलेला असतो केंद्राच्या नमुन्यातला. किंवा जात प्रमाणपत्र असतं आणि पडताळणी झालेली नसते. म्हणून या लेखात परीक्षेच्या तयारीवर थोडं आणि प्रवेशाच्या यंत्रणेवर भरपूर लिहितो आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला जाण्याआधीच हा लेख वाचला, तर त्याचा खरा उपयोग होईल.

आधी दोन वाटा समजून घ्या

आपल्या मुलांसमोर मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली केंद्राची. कॅट परीक्षा देऊन आयआयएममध्ये, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापन संस्थांत, जायचं. आपल्या राज्यात नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे आणि मुंबईच्या पवईतली जुनी नीटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. दुसरी वाट राज्याची. राज्य सीईटी कक्षाची एमबीए-सीईटी द्यायची आणि कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मुंबईच्या जमनालाल बजाजपासून साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील इन्स्टिट्यूटपर्यंत किंवा सांगलीच्या चिंतामणराव इन्स्टिट्यूटपर्यंत कुठेही जागा मिळवायची.

सिम्बायोसिसची स्नॅप, एनएमआयएमएसची एनमॅट, एक्सएलआरआयची झॅट या वेगळ्या परीक्षा आहेत. अभिमत विद्यापीठं राज्याच्या कॅपमध्ये येत नाहीत. त्यांचे नियम आणि त्यांची फी त्यांच्यापाशी. ऐपत आणि इच्छा असेल तर जरूर द्या. पण आरक्षणाचा आणि फी सवलतीचा खरा आधार वरच्या दोन वाटांवरच आहे.

दोन्ही वाटा एकाच वर्षी चालता येतात आणि चालाव्यात. कॅटचा फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस, मुलाखती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. सीईटीचा फॉर्म हिवाळ्यात, परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास आणि कॅपच्या फेऱ्या पावसाळ्यात. अभ्यासाचा बराच भाग सारखाच आहे.

पात्रतेतला एक फरक इथेच सांगून ठेवतो, कारण तो कळेपर्यंत फॉर्मची फी भरून झालेली असते. आयआयएमसाठी पदवीला ५० टक्के लागतात आणि ४५ टक्क्यांची सवलत फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना आहे. राज्याच्या सीईटीत मात्र ४५ टक्क्यांची सवलत महाराष्ट्रातल्या सगळ्या मागास प्रवर्गांना, ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला) आणि दिव्यांगांना आहे. म्हणजे पदवीला ४८ टक्के असलेला ओबीसी मुलगा सीईटीला पात्र ठरतो, कॅटला नाही. दोन्हींना शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात.

दोन याद्यांत आपला प्रवर्ग शोधा

सर्वात मोठा घोळ इथे होतो. तुमची जात एकच असते, पण राज्याच्या यादीत तिचा प्रवर्ग वेगळा आणि केंद्राच्या यादीत वेगळा असू शकतो.

राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जातींना ३, भटक्या जमाती ब ला २.५, क ला ३.५, ड ला २, ओबीसींना १९ आणि विशेष मागास प्रवर्गाला २ टक्के अशी विभागणी आहे. त्याशिवाय एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० टक्के आणि ईडब्ल्यूएस १० टक्के. केंद्रात अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात न मोडणारे) ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस १० टक्के. दिव्यांगांचे ५ टक्के या सगळ्या प्रवर्गांतून आडवे जातात. केंद्रात भटके-विमुक्त असा वेगळा रकानाच नाही.

आता हे आपल्या गावांवर लावून पाहू. आटपाडीची धनगर समाजातली मुलगी राज्याच्या फॉर्ममध्ये भटक्या जमाती क मध्ये येते. कॅटच्या फॉर्ममध्ये तिनं नॉन-क्रिमिलेअर ओबीसी निवडायचं, कारण धनगर जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे. तिथे एनटी (भटक्या जमाती) शोधत बसून शेवटी 'जनरल' भरणं म्हणजे हातातला हक्क सोडून देणं. वंजारी समाजाचंही तसंच. राज्यात ड, केंद्रात ओबीसी.

तासगावच्या मराठा कुटुंबातला मुलगा राज्यात एसईबीसीमध्ये येतो. हे आरक्षण २०२४ च्या कायद्यानं आलं. त्याआधीचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता आणि नव्या कायद्यालाही उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. म्हणून दर वर्षीची माहिती पुस्तिका या मुद्द्यावर शब्दशः वाचा. केंद्रात एसईबीसी चालत नाही आणि मराठा जात केंद्राच्या ओबीसी यादीत नाही. तिथे हा मुलगा खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस घेऊ शकतो. राज्यात मात्र एसईबीसीत मोडणाऱ्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही. ज्या घरात जुन्या कुणबी नोंदी निघाल्या आणि रीतसर प्रमाणपत्र मिळालं, त्यांनी प्रमाणपत्रावरचे नेमके शब्द केंद्राच्या यादीतल्या नोंदीशी ताडून पाहावेत. कुणबी नोंदींसाठी आधार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या साताऱ्याच्या जुन्या गॅझेटवर पारावर कितीही चर्चा झाली, तरी फॉर्मला हातातलं प्रमाणपत्र आणि त्याची वैधता लागते. ते नसताना मिळेल या आशेवर प्रवर्ग भरू नका.

उत्पन्नाच्या दोन अटी, आणि त्या सारख्या नाहीत

नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस दोन्हींना ८ लाखांची मर्यादा आहे म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. हिशेब पूर्ण वेगळा आहे.

नॉन-क्रिमिलेअरच्या केंद्राच्या निकषांत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत मोजत नाहीत. बाकीचं उत्पन्न सलग तीन वर्षं पाहतात. नोकरीत मुद्दा पगाराचा नसून पदाच्या गटाचा असतो. आई किंवा वडील थेट वर्ग एकच्या पदावर भरती झाले असतील तर मुलं क्रिमिलेअरमध्ये जातात. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाच्या मुलीला 'पगार जास्त आहे, मिळणार नाही' असं कोणी परस्पर सांगितलं, तर ते ऐकून परत येऊ नका.

ईडब्ल्यूएसमध्ये उलट आहे. पगार, शेती, धंदा सगळं धरून कुटुंबाचं आदल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. शिवाय केंद्राच्या नमुन्यात मालमत्तेच्या अटी आहेत. ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, ठरावीक आकाराचा निवासी प्लॉट, यांतलं काहीही असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही.

आपल्या भागात ही ५ एकरांची अट फार बोचते. पलूसची कृष्णाकाठची सहा एकर उसाची जमीन आणि जत तालुक्यातलं सहा एकर माळरान यात हा नियम फरक करत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण फॉर्म भरताना नियम आहे तसाच मोजावा लागतो. मात्र एक बारकावा उपयोगी पडतो. कुटुंब म्हणजे उमेदवार, त्याचे आई-वडील, १८ वर्षांखालील भावंडं, आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदार व १८ वर्षांखालील मुलं. आजोबा आणि चुलते त्यात येत नाहीत. सात-बारा सामाईक असेल तर वडिलांचा हिस्सा नेमका किती, हे आठ-अ च्या उताऱ्यासह तलाठ्याकडून आधी स्पष्ट करून घ्या आणि मगच तहसीलला जा.

कागद कोणत्या क्रमानं काढायचे

सुरुवात जात प्रमाणपत्रापासून. ते प्रांत कार्यालयातून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीनं मिळतं. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून करायचा. त्याच वेळी केंद्राच्या नमुन्यातलंही मागा. राज्याचा मराठी-इंग्रजी नमुना आणि केंद्र सरकारच्या संस्थांसाठीचा नमुना वेगवेगळे आहेत आणि आयआयएमला दुसराच लागतो. खिडकीवर 'कॉलेजसाठी पाहिजे' एवढंच सांगितलं तर राज्याचाच दाखला हातात पडतो. 'केंद्र सरकारच्या नमुन्यात' हे शब्द अर्जात लिहा.

मग जात पडताळणी. राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांना स्वतःची जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती आहे. अनुसूचित जमातींच्या दाखल्यांची समिती मात्र वेगळी असते. बारावीला विज्ञान शाखेत असलेल्यांची पडताळणी बऱ्याचदा तेव्हाच होऊन जाते. बी.कॉम., बी.ए. करणाऱ्यांची राहून जाते, आणि एमबीएला येणाऱ्यांत तीच मुलं जास्त.

पडताळणीत वेळ खातो तो जुना पुरावा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा मागतात. तो वडिलांकडच्या नात्यातला पाहिजे. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, जुनी खरेदीखतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या धाकट्या भावाची नोंद शोधा. कोयना धरणामुळे उठलेल्या पाटण-जावळीच्या घरांनी मूळ गावाच्या आणि पुनर्वसन झालेल्या गावाच्या, दोन्हीकडच्या नोंदी पाहाव्यात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर ती प्रत वंशावळीसह जोडा, काम बरंच हलकं होतं. नावांत फरक असेल, म्हणजे एकीकडे 'रामा' आणि दुसरीकडे 'रामचंद्र', तर ते शपथपत्रात आधीच लिहा. त्रुटी निघून फाइल परत येण्यात महिने जातात.

पडताळणीच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश आणि पुढे मुदतवाढ असं काही वर्षी झालेलं आहे. त्यावर विसंबू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर नाव खुल्या प्रवर्गात जातं आणि राखीव जागा हातची जाते.

नॉन-क्रिमिलेअर शेवटी काढा, पण विसरू नका. अनुसूचित जाती-जमाती सोडून सगळ्या मागास प्रवर्गांना, एसईबीसीलाही, ते लागतं. राज्याच्या कॅपसाठी प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं पाहिजे. केंद्रासाठीचं नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसचा दाखला मात्र चालू आर्थिक वर्षातले पाहिजेत, म्हणून ते १ एप्रिलनंतर काढा. त्याच फेरीत अधिवास दाखला घ्या. जत किंवा मिरज भागातल्या ज्या मुलांनी पदवी कर्नाटकात घेतली, त्यांचा महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून दावा बऱ्याच अंशी या अधिवासावरच उभा राहतो.

परीक्षा, थोडक्यात

कॅट १२० मिनिटांची असते. भाषा व आकलन, माहितीचं विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. दिव्यांगांना प्रत्येक विभागात १३ मिनिटं २० सेकंद जादा मिळतात. सीईटीत २०० प्रश्न १५० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. मराठी माध्यमातून आलेल्यांना कॅटचा पहिला विभाग जड जातो. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायची सवय वर्षभर आधी लावली तर फरक पडतो. शेवटच्या दोन महिन्यांत पडत नाही.

कॅटच्या फॉर्ममध्ये भरलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना फी निम्मी असते. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसना पूर्ण.

आयआयएममध्ये निवड कशी होते

कॅटचा पर्सेंटाइल (तुमच्या मागे किती टक्के उमेदवार आहेत तो आकडा) आला म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. प्रत्येक आयआयएम मुलाखतीची यादी स्वतःच्या सूत्रानं लावते. दहावी-बारावी-पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, काही ठिकाणी मुलींना किंवा अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना थोडे जादा गुण. काही नव्या आयआयएम मिळून एकत्र मुलाखत घेतात. प्रवर्गनिहाय किमान पर्सेंटाइल जाहीर होतो, पण तो फक्त उंबरठा असतो. प्रत्यक्ष बोलावणं बहुतेक वेळा त्याच्या बऱ्याच वर थांबतं. शिवाय तिन्ही विभागांत वेगवेगळी किमान रेषा पार करावी लागते. एकूण ९५ असून एका विभागात कमी पडल्यानं यादीबाहेर राहिलेली मुलं दर वर्षी असतात.

मुलाखतीत आपल्या भागाबद्दल नक्की विचारतात. हळदीचा बाजार, सांगलीचे बेदाण्याचे सौदे, साखर कारखान्यांची देणी, म्हैसाळ-टेंभू योजनांचं पाणी. द्राक्षाच्या काडीपासून बेदाण्याच्या सौद्यापर्यंतचा खर्च-उत्पन्नाचा हिशेब ज्याला घरच्या बागेवरून सांगता येतो, त्याच्याकडे शहरातल्या मुलाजवळ नसलेलं काहीतरी असतं. ते लाजून झाकून ठेवू नका.

कॅप: पसंतीक्रम हीच खरी परीक्षा

सीईटीचा निकाल लागला की कॅपची नोंदणी, कागदांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग पसंतीक्रमाचा अर्ज, असा क्रम असतो. तात्पुरत्या यादीत आपला प्रवर्ग, लिंग, होम युनिव्हर्सिटी (ज्या विद्यापीठाची पदवी घेतली ते) डोळ्यांखालून घाला. दुरुस्ती त्याच टप्प्यात होते.

पसंतीक्रम भरण्याआधी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडा. त्यात 'जीओपीईएनएच', 'एलओबीसीओ', 'जीएनटी२एच' असे संकेत दिसतील. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांची ३० टक्क्यांतली जागा. मधला भाग प्रवर्गाचा. इथे एनटी१ म्हणजे भटक्या जमाती ब, एनटी२ म्हणजे क, एनटी३ म्हणजे ड. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची, एस म्हणजे राज्यस्तरीय. आटपाडीच्या त्या मुलीनं फक्त एलएनटी२ बघून थांबू नये. जीएनटी२, एलओपीईएन आणि जीओपीईएन या तिन्ही ओळींवरही तिचा हक्क आहे. राखीव प्रवर्गातला उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेत बसत असेल तर ती जागा त्याचीच. 'खुल्या जागा खुल्या जातींच्या' हा समज मुळातच चुकीचा आहे.

होम युनिव्हर्सिटीचा मुद्दा आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो. शिवाजी विद्यापीठाच्या पदवीधराला कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या संलग्न संस्थांत फायदा. पण जमनालाल बजाजमध्ये ७० टक्के जागा मुंबई विद्यापीठाच्या मुलांना, म्हणून तिथे आपण ओ च्या ओळीतला, बराच चढा कटऑफ पाहायचा.

क्रम लावताना एकच सूत्र: ज्या कॉलेजात खरंच जायचं आहे तेच वर. 'हे मिळणार नाही' म्हणून आवडीचं कॉलेज खाली टाकू नका. वर लिहून न मिळाल्यानं खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाची जागा मिळाली तर ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर घरचं मन राखायला लिहिलेलं कॉलेज नको. बाकी जागा मिळाली आणि आणखी वरची पाहिजे असेल तर बेटरमेंट घ्या. पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर आधीची जागा सुटते, नाही मिळालं तर तीच राहते.

फी आणि सवलती

कॅपमधून घेतलेला प्रवेश आणि संस्थास्तरावरचा, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, यांत सर्वात मोठा फरक पैशाचा आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना किंवा मागास प्रवर्गांची शुल्क प्रतिपूर्ती कॅपच्या प्रवेशालाच लागू होते. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. तेही कॅपमधून आलेल्यांनाच. हंगामात 'कॅपची झंझट कशाला, थेट सीट देतो' म्हणणारे एजंट फोन करतात. त्या फोनवर हो म्हटलं की या सगळ्या सवलतींवर पाणी सोडल्यासारखं होतं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, आधार जोडलेल्या बँक खात्यासह, मुदतीत करायचा.

जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे जाते. आकडा बघून घरात कोणी घाबरलं तर त्यांना सांगा, की नामांकित संस्थांच्या प्रवेशपत्रावर बँका तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देतात आणि आयआयएम स्वतःही उत्पन्नावर आधारित मदत देतात. शेत गहाण टाकण्याआधी संस्थेच्या आर्थिक साहाय्य कक्षाला पत्र लिहा.

दोन जागा हातात असतील तर

आयआयएमची अंतिम निवड साधारण एप्रिल-मेमध्ये कळते, कॅप त्यानंतर चालते. प्रतीक्षा यादी मात्र लांबते. म्हणून आयआयएमच्या यादीत नाव लटकलेलं असलं तरी कॅप सोडू नका. जागा स्वीकारा, कॉलेजात हजर व्हा, आणि कॅप रद्द करण्याची अंतिम तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या तारखेआधी ऑनलाइन रद्द केलं तर प्रक्रिया शुल्काचे १००० रुपये वजा जाऊन फी परत मिळते. तारीख उलटली तर मिळत नाही. रद्द करताना मूळ कागद, विशेषतः जात वैधता आणि शाळा सोडल्याचा दाखला, त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन मागून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कॉलेज सोडू नका.